सेमिनल व्हेसिकलमधे गाठ सांगितली तर: रिपोर्ट कसा वाचायचा अन् नागपुरात कुठून सुरू करायचं

सोनोग्राफीच्या नाहीतर एमआरआयच्या रिपोर्टवर ‘सेमिनल व्हेसिकलमधे लिजन’ किंवा ‘मास’ असं छापून आलं की घरातले पहिलं विचारतात कॅन्सर आहे का, अन् लगेच दुसरं, कितवी स्टेज. मी डॉक्टर नाही, पण विदर्भातून आणि छिंदवाडा-बालाघाटकडून येणाऱ्या पेशंटसोबत इथल्या हॉस्पिटलांमधे बरंच फिरणं होतं, त्यामुळे हे दोन प्रश्न रोज ऐकतो. माझं सांगणं एवढंच आहे की या अवयवाच्या बाबतीत त्याच्याही आधी एक प्रश्न येतो, गाठ इथलीच आहे का शेजारून आलेली आहे. त्याचं उत्तर नक्की झाल्याशिवाय स्टेजही सांगता येत नाही अन् इलाजही ठरत नाही, आणि बहुतेक लोकांचा वेळ-पैसा तिथंच वाया जातो, काहून की उत्तर मिळायच्या आधीच ऑपरेशनची तारीख विचारायला सुरुवात होते.

आधी जागा समजून घ्या. पुरुषाच्या ओटीपोटात लघवीच्या पिशवीच्या मागे, गुदाशयाच्या पुढे आणि प्रोस्टेटच्या (पिशवीच्या खाली असलेली पुरुषातली ग्रंथी) जरा वर, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा या सेमिनल व्हेसिकल नावाच्या दोन ग्रंथी असतात, साधारण ५ सेंटीमीटर लांबीच्या. आत एक नळी वेटोळी घालून बसलेली असते. वीर्यातला निम्म्याहून जास्त द्रव इथंच तयार होतो, त्यातली फ्रुक्टोज नावाची साखरही इथलीच. शुक्रजंतू मात्र अंडकोषात तयार होतात, इथं नाही. अंडकोषाकडून वर आलेली नळी या ग्रंथीच्या नळीला मिळते, दोघींची मिळून एक बारीक नळी बनते आणि ती प्रोस्टेटमधून जाऊन लघवीच्या मार्गात उघडते. म्हणजे तीन शेजारी झाले, प्रोस्टेट, लघवीची पिशवी आणि गुदाशय, आणि तिघांमधेही कॅन्सर होतो. या ग्रंथीत स्वतःहून उगवलेला कॅन्सर इतका दुर्मिळ आहे की जगात कुठं एखादी केस सापडली तर डॉक्टर ती मेडिकल जर्नलमधे छापतात. शेजारचा पसरून इथं आलेला, खासकरून प्रोस्टेटचा, हा मात्र युरोलॉजीच्या ओपीडीत नेहमी दिसणारा प्रकार आहे.

त्रास काय होतो अन् घाबरायचं कधी

बऱ्याच गाठी काहीच बोलत नाहीत, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात दिसली असं होतं. त्रास झालाच तर वीर्यात रक्त येणं, वीर्य बाहेर पडताना दुखणं, वीर्य कमी पडणं, मूल न होणं, अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत जडपणा, वारंवार किंवा जळजळीची लघवी, लघवीतून रक्त, लघवीची धार अडकणं, आणि गाठ मोठी असेल तर मागे दाब येऊन संडासला त्रास. वीर्यात रक्त हे ऐकायला लय भयानक वाटतं, पण चाळिशीच्या आतल्या माणसाला एखाद्या वेळी आलं तर बहुतेकदा सूज किंवा इन्फेक्शन निघतं आणि आपोआप थांबतं. प्रोस्टेटची बायोप्सी झाल्यावर तर काही आठवडे वीर्य लालसर किंवा कॉफीच्या रंगाचं येऊ शकतं. चाळिशीच्या पुढचा माणूस असेल, पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत लघवीतूनही रक्त, वजन उतरणं किंवा हाडं दुखणं असेल तर मात्र घरी बसायचं नाही, युरोलॉजिस्टकडे जायचं. लघवी पूर्ण बंद झाली तर ओपीडीच्या वेळेची वाट न पाहता सरळ कॅज्युअल्टी.

बाकी, हे बोलायची लाज वाटते म्हणून माणसं महिनोन्‌महिने बायकोलाही सांगत नाहीत. गावाकडचे काका लोक तर मुलगा सोबत असला की डॉक्टरसमोर फक्त ‘लघवीले त्रास आहे’ एवढंच म्हणतात अन् खरी गोष्ट राहून जाते. मुलांनो, अशा वेळी पाच मिनिटं केबिनच्या बाहेर थांबा, त्यांना एकट्याला बोलू द्या.

पहिलं काम: नागपुरात कुठं जायचं

ही केस युरोलॉजीची आहे. थेट कॅन्सर हॉस्पिटलात पळायची गरज सुरुवातीला नसते. सरकारीत जायचं तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमधे चौकशी करा किंवा मिहानमधल्या एम्सला जा. मेयोमधे, म्हणजे इंदिरा गांधी सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, सर्जरीच्या ओपीडीतूनही सुरुवात होऊ शकते, ते पुढे पाठवतात. खाजगीत धंतोली आणि रामदासपेठेत युरोलॉजिस्ट भरपूर आहेत. कॅन्सरचं पक्कं झालं किंवा दाट शंका असली तर मग तुकडोजी चौकाकडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि वर्धा रोडवर जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहेच. केसपेपर काढायच्या दिवशी लवकर निघा, आधारकार्ड, रेशनकार्ड आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत ठेवा. जुने म्हणजे दहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफीसुद्धा, ती का लागते ते खाली सांगतो.

डॉक्टर आधी गुदद्वारातून बोट घालून तपासतात. याला नाही म्हणू नका. अर्ध्या मिनिटाचं काम असतं आणि प्रोस्टेट कडक लागतंय का, त्याच्या वर काही फुगीर लागतंय का हे त्यातून कळतं. मग लघवीची तपासणी, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते कळायला) आणि पीएसए. पीएसए हा प्रोस्टेटचा मार्कर, म्हणजे रक्तात दिसणारी खूण आहे, या ग्रंथीचा नाही, म्हणूनच तो इथं कामाचा. खूप वाढलेला असेल तर संशय प्रोस्टेटकडे जातो, नॉर्मल असून गाठ मोठी असेल तर गाठ इथलीच असायची शक्यता जरा वाढते. जरा म्हणतोय हं, लघवीच्या इन्फेक्शनमधेही पीएसए वाढतो अन् नॉर्मल पीएसएमधेही प्रोस्टेटचा कॅन्सर असू शकतो, म्हणून एका आकड्यावर घरी बसून निकाल लावू नका.

दुसरं काम: पाण्याची का भरीव

रिपोर्टमधे ‘सिस्टिक’ लिहिलंय का ‘सॉलिड’ हे शोधा. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबवून जावं लागतं, पिशवी भरलेली असली की मागची ही जागा दिसते. गुदद्वारातून बारीक प्रोब घालून केलेल्या सोनोग्राफीत आणखी जवळून दिसतं. आणि खरं चित्र एमआरआयमधे मिळतं. नॉर्मल सेमिनल व्हेसिकल एमआरआयच्या टी २ प्रकारच्या फोटोत पांढरीशुभ्र, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार दिसते. गाठ किंवा बाहेरून घुसलेला कॅन्सर असला की त्या पांढऱ्यात काळपट भाग दिसतो. रक्त साचलं असेल तर टी १ प्रकारच्या फोटोत चमकतं. काही ठिकाणी एमआरआयच्या आधी ३ दिवस संबंध टाळायला सांगतात, ग्रंथी भरलेली राहावी म्हणून, सांगितलं तर पाळा.

पण काळपट दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. वय झालं की या ग्रंथीच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं, म्हाताऱ्या माणसांत हे बऱ्यापैकी दिसतं आणि एमआरआयवर ते हुबेहूब प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरचा भास करतं. जुनं रक्त, रेडिएशन किंवा हार्मोनची ट्रीटमेंट घेतलेली असणं, यानेही तसंच दिसतं. आणि आपल्याकडे टीबी विसरायचा नाही. मूत्रमार्गाचा आणि जननेंद्रियांचा टीबी इथं पोचतो, ग्रंथी आकसते किंवा त्यात कॅल्शियम साचतं, अंडकोषाची नळी हाताला मण्यांच्या माळेसारखी लागते. घरात कोणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा.

पाण्याच्या गाठी, आणि किडनीची ओळ

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, काहून की हे सगळ्यात जास्त निसटतं. एका विशीतल्या पोराचा रिपोर्ट माझ्या हातात आला होता. पहिल्या पानावर ओळ होती, डावी किडनी तिच्या जागेवर दिसत नाही. दुसऱ्या पानावर, लघवीच्या पिशवीच्या मागे डाव्या बाजूला सिस्ट. किडनीची ओळ एका डॉक्टरने वाचून ‘जन्मतः एक किडनी आहे, काळजी नाही’ म्हटलं होतं, सिस्टसाठी दुसरीकडे गोळ्या चालू होत्या, आणि दोन्ही पानं एकत्र कोणी वाचलीच नव्हती. तर ही दोन्ही पानं एकच गोष्ट सांगत होती. याला झिनर सिंड्रोम म्हणतात, १९१४ साली झिनर या डॉक्टरने पहिल्यांदा मांडलेला. पोटात बाळ घडत असताना किडनीची नळी आणि सेमिनल व्हेसिकल एकाच मूळ नळीतून फुटतात, ती नळी एका बाजूला नीट वाढली नाही तर त्या बाजूची किडनी बनत नाही, वीर्याची नळी बंद राहते आणि ग्रंथी तुंबून सिस्ट होते. त्रास सुरू होतो तो विशी-तिशीत, लग्नाच्या आसपास, वीर्याला बाहेर पडायला वाट हवी असते तेव्हा. दुखणं, वारंवार लघवी, मूल न होणं. हा कॅन्सर नाही. म्हणून म्हणतो, दहा वर्षांपूर्वीची सोनोग्राफी काढा, त्यात किडनीबद्दल काय लिहिलंय ते बघा. आणि एकच किडनी असेल तर सीटी किंवा एमआरआयचं इंजेक्शन देणाऱ्या टेक्निशियनला आधी सांगा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात असू द्या.

अशी सिस्ट त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. त्रास असेल तर दुर्बिणीतून किंवा रोबोटने काढतात. सुईने पाणी काढून टाकलं तर बहुतेकदा पुन्हा भरतं, तो कायमचा उपाय समजू नका. सिस्ट बरोबर मधोमध असेल तर ती बहुधा या ग्रंथीची नसते, प्रोस्टेटच्या मधल्या रेषेतली जन्मजात सिस्ट असते, म्हणून ‘मधोमध’ का ‘बाजूला’ हा शब्दही रिपोर्टमधे बघा. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी फुगलेल्या आणि किडन्यांमधेही खूप सिस्ट असतील तर तो घराण्यात चालणारा किडनीचा आजार असू शकतो, मग भावंडांचीही सोनोग्राफी करून घ्या.

भरीव गाठी

साध्या गाठींमधे सिस्टाडिनोमा हे नाव येतं, मधल्या वयात होते, आत पडदे असलेले पाण्याचे कप्पे आणि थोडा भरीव भाग. पूर्ण काढली तर विषय संपतो, अर्धवट राहिली तर पुन्हा येऊ शकते. लिओमायोमा म्हणजे स्नायूची गाठ, बायकांच्या गर्भाशयात फायब्रॉइड होतात त्याच जातीची. श्वानोमा नसेच्या आवरणाची. फायब्रोमाही असतो. या सगळ्या साध्या, पण फोटोवरून साधी का वाईट हे शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून भरीव गाठ वाढत असेल किंवा त्रास देत असेल तर काढून तपासतात. आणखी एक मिश्र जात आहे, ग्रंथीच्या अस्तराची आणि आधाराच्या पेशींची मिळून झालेली, ती एका टोकाला अगदी साधी आणि दुसऱ्या टोकाला फायलॉइडस नावाच्या गाठीसारखी, पसरू शकणारी असते. रिपोर्टमधे ‘मिक्स्ड एपिथेलियल स्ट्रोमल’ दिसलं तर पुढे लो ग्रेड लिहिलंय का हाय ग्रेड ते विचाराच.

कॅन्सरमधे मुख्य अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या अस्तरातून उगवलेला. बहुतेक पन्नाशीनंतर दिसतो, पण तरुण माणसातही नोंदलेला आहे. त्रास उशिरा होतो म्हणून कळेपर्यंत बऱ्याचदा शेजारी शिरलेला असतो. त्याहून दुर्मिळ सार्कोमा, स्नायू, रक्तवाहिन्या अशा आधाराच्या ऊतींचे. लिम्फोमा, स्क्वॅमस, न्यूरोएंडोक्राइन हेही क्वचित कुठं.

आणि मग शेजारून आलेले. प्रोस्टेटचा कॅन्सर इथं शिरला की त्या स्टेजला टी ३ बी म्हणतात (एमआरआयच्या टी १, टी २ शी याचा संबंध नाही). हे अक्षर रिपोर्टवर दिसलं तर समजा की डॉक्टर प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल बोलताहेत, सेमिनल व्हेसिकलच्या वेगळ्या कॅन्सरबद्दल नाही. लोक इथं घोळ करतात, ‘दोन कॅन्सर निघाले’ असं सांगत सुटतात. कॅन्सर एकच असतो, तो शेजारच्या खोलीत गेलेला असतो आणि इलाज प्रोस्टेटच्या कॅन्सरचाच होतो, हार्मोनची इंजेक्शनं, रेडिएशन, काही जणांत ऑपरेशन. लघवीच्या पिशवीचा किंवा गुदाशयाचा घुसला असेल तर त्या-त्या कॅन्सरचा. म्हणून भरीव गाठीत दुर्बिणीने लघवीची पिशवी बघणं आणि गुदाशय तपासणं हे जादा खर्च वाटलं तरी करून घ्या.

तिसरं काम: बायोप्सी, आणि ब्लॉक सांभाळणं

सोनोग्राफीत बघत बघत सुईने तुकडा घेतात, गुदद्वारातून किंवा त्याच्या पुढच्या कातडीतून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आता एक बारकी गोष्ट जी पेशंटला सहसा कोणी सांगत नाही. सेमिनल व्हेसिकलच्या अगदी निरोगी पेशीसुद्धा वयाप्रमाणे मायक्रोस्कोपखाली विचित्र दिसतात, केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी, नवख्या डोळ्याला कॅन्सरच वाटावा अशी. ओळखायची खूण म्हणजे त्या पेशींमधे लायपोफ्युसिन नावाच्या रंगद्रव्याचे सोनेरी-तपकिरी कण असतात. प्रोस्टेटच्या बायोप्सीत चुकून या ग्रंथीचा तुकडा आला तर त्याला कॅन्सर म्हणण्याची चूक होऊ शकते, पॅथॉलॉजीच्या पुस्तकांत हा सापळा मुद्दाम शिकवतात. त्यामुळे मोठ्या ऑपरेशनच्या आधी स्लाइडचं दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान वगैरे काही नाही, चांगले डॉक्टर स्वतःच सुचवतात.

गाठ कोणाची हे ठरवायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, म्हणजे तुकड्यावर खास रंग टाकून कोणत्या प्रोटीनचा डाग लागतो ते बघतात, लॅबमधे सगळे आयएचसीच म्हणतात. ढोबळ हिशोब असा: इथल्याच अ‍ॅडिनोकार्सिनोमात पीएसएचा डाग लागत नाही, सीके ७ आणि सीए १२५ लागतात, सीके २० लागत नाही, पॅक्स ८ सुद्धा लागतो. प्रोस्टेटच्यात पीएसए लागतो. गुदाशयाच्यात सीके २० लागतो. १९५६ साली डालगार्ड आणि गिएर्ट्सेन या दोघांनी इथल्याच कॅन्सरचे नियम मांडले, त्यातला मुख्य नियम आजही तोच आहे, गाठ या ग्रंथीत असावी आणि दुसरीकडे कुठं मूळ कॅन्सर नसावा. सीए १२५ रक्तातही वाढू शकतो, वाढलेला असेल तर ट्रीटमेंटनंतर पुन्हा तोच तपासून फरक बघता येतो.

या आयएचसीसाठी पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा लागतो. तो लॅबमधून लेखी अर्ज देऊन मागून घ्या, स्लाइड वेगळ्या, ब्लॉक वेगळा. उन्हाळ्यात आपल्या नागपूरच्या ४५ डिग्रीत गाडीच्या डिक्कीत ब्लॉक ठेवू नका, मेण वितळतं. एमआरआयची नुसती फिल्म घेऊन चालत नाही, सीडी मागा, मुंबईला टाटाला दाखवायची वेळ आली तर ते सीडी आणि ब्लॉकच बघतात.

ऑपरेशनच्या आधी विचारायचं

साधी गाठ एका बाजूची असेल तर तेवढी ग्रंथी काढतात आणि दुसरी काम करत राहते. कॅन्सर असेल तर ऑपरेशन मोठं, ग्रंथीसोबत प्रोस्टेट, कधी लघवीची पिशवीही, आणि ओटीपोटातल्या लसीका ग्रंथी. इतका दुर्मिळ असल्यामुळे याची ठरलेली एक ट्रीटमेंट नाही, रेडिएशन, केमो, हार्मोन यातलं काय जोडायचं ते ट्युमर बोर्डमधे सर्जन, रेडिएशनवाले आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. केस ट्युमर बोर्डमधे ठेवणार का, हे सरळ विचारा.

दोन्ही ग्रंथी आणि प्रोस्टेट गेल्यावर वीर्य बाहेर येत नाही, सुखाची भावना राहू शकते. ताठरतेच्या नसा या ग्रंथींच्या टोकाजवळूनच जातात, त्या वाचवता येतील का हे पेशंटने स्वतः विचारावं, बायको सोबत असली तर आणखी बरं. मूल हवं असेल तर ऑपरेशन, रेडिएशन किंवा केमोच्या आधी शुक्रजंतू गोठवून ठेवायचे, शहरात आयव्हीएफ सेंटर बरीच आहेत. नळी बंद असल्यामुळे नमुना येत नसेल तर अंडकोषातून सुईनेही काढतात. ‘आता जीव महत्त्वाचा’ म्हणून घरातली मोठी माणसं हा विषय उडवून लावतात, पण पंचवीस वर्षांच्या पोराला त्याचं स्वतःचं उत्तर देऊ द्या.

पैशाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान या दोन्हींत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हॉस्पिटलच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतात, त्यांना अ‍ॅडमिट व्हायच्या आधी भेटा, नंतर नाही. मध्यप्रदेशचं आयुष्मान कार्डही योजनेत असलेल्या नागपूरच्या हॉस्पिटलात चालतं. प्रत्येक हॉस्पिटलात प्रत्येक ऑपरेशन योजनेत बसेलच असं नाही, म्हणून ऑपरेशनचं नाव कागदावर लिहून घेऊन मगच विचारा. कॅन्सर पेशंटला रेल्वेत तिकिटाची मोठी सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटलातून भरून मिळतो.

ऑपरेशनची तारीख मिळाली की एक पातळ फाईल करा, सगळ्यात वर एक पान, त्यावर पेशंटचं वय, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, किडनी एक का दोन, पीएसए तारखेसकट, बायोप्सीचा नंबर आणि ब्लॉक कोणाकडे आहे ते. डिस्चार्जनंतर हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, शेवटचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि बरेच लोक टाके काढून गावाला निघून जातात, तो रिपोर्ट लॅबमधे पडून राहतो. तो हातात घेऊनच सर्जनला भेटा, त्यात गाठीची कड मोकळी आहे का आणि गाठ कुठून उगवली हे दोन्ही वाचून घ्या, आणि पुढचा स्कॅन कधी ते त्याच पानावर लिहून घ्या.